निगा आणि दुरुस्ती : राज्य परिवहनातील वाहन-देखभाल व लोकसेवा यांचा इतिहास

१

सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा मार्गांची वाढ, भाड्याचे दर, खाजगी धंद्याचे राष्ट्रीयीकरण आणि वार्षिक तोटा या चार सूत्रांनी सांगितला जातो. ही सूत्रे अप्रस्तुत आहेत असे नाही. परंतु ज्या कामाच्या बळावर गाडी रस्त्यावर धावते, त्या कामाला या इतिहासात क्वचितच जागा मिळते. संध्याकाळी परतलेली गाडी धुणे, तिच्याखाली उतरून कमानपाटे व ब्रेक तपासणे, तेल बदलणे, चाकांतील हवेचा दाब पाहणे, चालकाने नोंदविलेला दोष दूर करणे आणि पहाटेच्या फेरीसाठी तीच गाडी फलाटावर उभी करणे, हे सारे प्रवाशाच्या नजरेआड होते. ते नीट झाले तर कोणाच्याच ध्यानात येत नाही. झाले नाही तर मात्र घाटात उभ्या राहिलेल्या गाडीभोवती पन्नास माणसे तिष्ठत बसतात.

महाराष्ट्रातील राज्य परिवहनाचा, म्हणजेच लोकांच्या भाषेतील 'एसटी'चा, इतिहास या बाजूने पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. सेवेचे वचन कायद्याने दिले, वेळापत्रकाने ते जाहीर केले. परंतु ते पाळले जाणे वा न जाणे हे आगारातील देखभालीवर अवलंबून राहिले. आणि सरकारी मालकीच्या संस्थेत देखभाल हाच असा एक खर्च आहे की, जो आज टाळला तर आजच्या हिशेबात कोठेही तूट दिसत नाही. ही तूट पुढे केव्हा व कोणाच्या वाट्याला येते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यास भाषा थोडी साहाय्य करते. मराठीत या कामासाठी दोन जुने शब्द आहेत, 'निगा' आणि 'दुरुस्ती'. दोन्ही फारसीतून आलेले. 'निगा' हा शब्द 'निगाह' म्हणजे दृष्टी, नजर यापासून झाला; 'दुरुस्ती' हा 'दुरुस्त' म्हणजे योग्य, बरोबर यापासून. 'देखभाल' या जोडशब्दातील दोन्ही अंगे पाहण्याचाच अर्थ सांगतात. त्यातील 'भाल'चे नाते संस्कृत 'निभालन' या शब्दाशी लागते. तात्पर्य, निगा व देखभाल हे बिघडण्यापूर्वी पाहण्याचे शब्द आहेत, तर दुरुस्ती हा बिघडल्यानंतर नीट करण्याचा. यंत्रशास्त्रात प्रतिबंधक देखभाल आणि बिघाडोत्तर दुरुस्ती असा जो भेद करतात, तो या शब्दांत आधीपासूनच आहे. एसटीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोन वृत्तींमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

२

मोटार रस्त्यावर आली ती प्रथम खाजगी धंद्याच्या रूपाने. १९२० नंतरच्या दशकात ठिकठिकाणी 'सर्व्हिस मोटारी' सुरू झाल्या. गाडी भरेल तेव्हा सुटणार, जेथे उतारू मिळतील तेथे थांबणार आणि मोडेल तेव्हा दुरुस्त होणार, असा तो व्यवहार होता. मालक बहुधा एका-दोन गाड्यांचा धनी. गाडी कार्यशाळेत उभी करणे म्हणजे त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे. अशा मालकापाशी राखीव गाडी नसे, आणि राखीव गाडीवाचून नियमित देखभाल संभवत नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, भाडे आणि वेळापत्रक यांना शिस्त लावण्याचा यत्न केला. परंतु त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलवर नियंत्रण आले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. युद्ध संपले तेव्हा रस्त्यावरील बहुतेक वाहने झिजलेली होती.

याच काळात शेजारच्या हैदराबाद संस्थानात एक निराळा प्रयोग चालू होता. १९३२ साली निजामाच्या सरकारी रेल्वेने आपल्याच अंगभूत रस्ता-वाहतूक विभाग काढला. प्रारंभी त्यात २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. येथे गाडीचा मालक व्यक्ती नसून संस्था होती, आणि ती संस्थाही रेल्वे. ठराविक अंतरानंतर इंजिन तपासणे, प्रत्येक दोषाची लेखी नोंद ठेवणे आणि सुट्या भागांचा साठा बाळगणे ही रेल्वेच्या कामाची अंगभूत रीत होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे मराठी मुलखाच्या एका भागाला सरकारी बसची ओळख या मार्गाने, मुंबई प्रांताच्या पुष्कळ आधी झाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

मुंबई प्रांताच्या सरकारने मोरारजी देसाई गृहमंत्री असताना स्वतःची प्रवासी वाहतूक सुरू केली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली. बेडफर्ड बनावटीच्या या ३० आसनी गाड्यांचे सांगाडे लाकडी होते आणि बैठका काथ्याच्या. हा प्रसंग स्मरणिकांतून वारंवार वर्णिला गेला आहे. परंतु त्याच सुमारास संस्थेपुढे उभी राहिलेली अडचण फारशी सांगितली जात नाही. शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या तिच्या ताफ्यात होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारची इंजिने, दहा प्रकारचे गिअर आणि सुट्या भागांचे दहा स्वतंत्र साठे. एका बनावटीवर हात बसलेल्या कारागिराला दुसरी नवखी, आणि एका आगारात पडून असलेला भाग दुसऱ्या आगारातील अडलेल्या गाडीच्या उपयोगाचा नाही. भाग परदेशातून यावयाचे. आयातीवरील निर्बंधांमुळे तेही वेळेवर मिळतील अशी शाश्वती नव्हती.

३

१९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम केला. या कायद्याची चार कलमे एकत्र वाचली असता पुढील सत्तर वर्षांच्या इतिहासाची बीजे त्यांत आढळतात.

कलम १८ प्रमाणे कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र अशी वाहतूक सेवा पुरविणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. कलम २२ प्रमाणे महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा, असे सांगितले. कलम २९ मध्ये घसारा व राखीव निधी यांची तरतूद आहे. कलम ३० मध्ये सर्व तरतुदी करून उरलेला नफा राज्य सरकारने रस्तेविकासासाठी वापरावा, अशी योजना आहे. एसटीला नफा होईल आणि त्या नफ्यातून रस्ते होतील, हा विश्वास त्या वेळच्या विधिकर्त्यांच्या मनात होता, हे या शेवटच्या कलमावरून दिसते.

कलम १८ व कलम २२ यांत प्रथमदर्शनी विरोध नाही. काटकसर हा शब्द स्वतः कलम १८ मध्येच आहे. विरोध निर्माण होतो तो प्रत्यक्ष व्यवहारात. ज्या खेड्यातून रोज दहा-पंधरा माणसेच तालुक्याला जातात, तेथील फेरी पहिल्या कलमाला हवी आहे, दुसऱ्याला नको आहे. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद आणि 'गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी' ही घोषणा संस्थेने स्वीकारली, तेव्हा तिने आपली निवड उघडपणे पहिल्या कलमाच्या बाजूने केली. परंतु ताळेबंद दुसऱ्या कलमानुसारच मांडला जात राहिला.

येथे घसारा आणि देखभाल यांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. घसारा हा गाडी जुनी झाल्यावर नवी घेण्यासाठी बाजूला काढावयाचा पैसा; त्याला कायद्यात स्वतंत्र कलम आहे. देखभाल ही गाडी जुनी होण्याचा वेग आवरणारी क्रिया. तिला स्वतंत्र कलम नाही. ती चालू खर्चात मोडते आणि चालू खर्चाला कात्री लावणे नेहमीच सोपे असते. त्यातच १९५८ च्या कायद्याने प्रवासी कर आला. तो पुढे भाड्याच्या उत्पन्नाच्या १७.५ टक्क्यांपर्यंत गेला. अशा रीतीने सेवा हे कर्तव्य, व्यापार ही पद्धत आणि करवसुली हे अधिकचे काम, अशा तीन भूमिका एकाच गाडीवर लादल्या गेल्या.

४

तथापि पहिल्या दोन दशकांतील काम उपेक्षणीय नव्हते; किंबहुना संस्थेची खरी उभारणी याच काळात झाली. १९५४ साली टाटांनी जर्मन सहकार्याने व्यापारी वाहने बनविण्यास आरंभ केला. १९५५ पासून मद्रासची 'अशोक लेलँड' त्या नावाने काम करू लागली. देशी चासी मिळू लागल्यावर दहा बनावटींचा गुंता हळूहळू सुटला आणि ताफा मुख्यतः दोन बनावटींवर आला. प्रमाणीकरण या कोरड्या शब्दामागे प्रवाशाच्या दृष्टीने फार मोठा लाभ होता. कोणत्याही आगारात अडलेल्या गाडीला शेजारच्या आगारातला भाग आता बसू शकत होता.

याच काळात देखभालीची तीन पायऱ्यांची रचना रूढ झाली. आगारात दैनंदिन व नियतकालिक देखभाल आणि लहान कामे. विभागीय कार्यशाळेत इंजिन, गिअरपेटी यांसारख्या मोठ्या घटकांची पुनर्बांधणी व मोटार वाहन कायद्याखालील वार्षिक तपासणीसाठी गाडी तयार करणे, ज्याला सर्वत्र 'पासिंग' म्हणतात. आणि मध्यवर्ती कार्यशाळेत चासीवर सांगाडा बांधणे. पुण्याजवळची दापोडी, औरंगाबादजवळची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा पुढे प्रसिद्धीस आल्या. झिजलेल्या टायरवर नवा थर चढविणारी पुनःस्तरण केंद्रेही संस्थेने स्वतःची उभारली.

या रचनेतील सूक्ष्म विचार असा की, नादुरुस्त इंजिनासाठी संपूर्ण गाडी अडकवून ठेवावयाची नाही. आगाराने बिघडलेले इंजिन उतरवून विभागाकडे धाडावयाचे, तेथून पुनर्बांधणी केलेले दुसरे इंजिन आणून बसवावयाचे आणि गाडी एक-दोन दिवसांत मार्गावर न्यावयाची. यासाठी विभागापाशी तयार घटकांचा फिरता साठा लागतो. हा साठा म्हणजे कपाटात पडून असलेले भांडवल; वरवर पाहणाऱ्या हिशेबनिसाला तो निरुपयोगी वाटतो. पण तो आटला की, एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावण्याची वेळ येते. अशाने एक गाडी सुटते खरी, पण दुसरी आगाराच्या कोपऱ्यात कायमची उभी राहते.

सांगाड्याच्या बांधणीतही अनुभवाने बदल झाले. लाकडाच्या जागी पोलाद आले. परंतु पोलाद गंजते, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर ते फारच लवकर गंजते. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमचे सांगाडे आले. त्याच वेळी गाड्यांचा मूळचा निळा-रुपेरी रंग जाऊन लाल रंग आला आणि 'लाल डबा' हे नाव पडले. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण अपघातात लवकर चेपते. म्हणून २०१० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जुन्या चासींवर पुन्हा पोलादी सांगाडे बांधण्याचे काम संस्थेच्याच कार्यशाळांनी हाती घेतले. अशा निर्णयांमागे कार्यशाळेत साठलेले ज्ञान असते, आणि संस्थेने आपल्या गाड्यांवर अनेक वर्षे स्वतः काम केल्याखेरीज ते साठत नाही.

१९६० साली मुंबई राज्याचे विभाजन होऊन गुजरातचे महामंडळ वेगळे झाले. १९६१ साली मराठवाड्याची व विदर्भाची सरकारी वाहतूक मूळ महामंडळात मिळविण्यात आली आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाला आजचे रूप आले. तीन निरनिराळ्या परंपरांत वाढलेले कारागीर, नोंदवह्या आणि शब्द त्या वेळी एकत्र आले. १९६५ साली राज्य परिवहन उपक्रमांची अखिल भारतीय संघटना झाली आणि १९६७ साली भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था निघाली. दर दहा हजार किलोमीटरमागे मार्गात किती बिघाड झाले, या मापाने निरनिराळ्या राज्यांच्या संस्थांची तुलना करण्याची पद्धत भारतात रूढ झाली. देखभालीला आकडा मिळाला, ही गोष्ट महत्त्वाची होय. मात्र जी फेरी सुटलीच नाही, ती मार्गात बिघडू शकत नाही. म्हणून हा आकडा चांगला असूनही सेवा वाईट असू शकते.

५

देखभाल आणि सेवा यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे 'मुक्कामी गाडी'वरून उत्तम समजते. ही गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघून आडगावी जाते. चालक-वाहक तेथेच रात्री झोपतात. पहाटे तीच गाडी दूध, शाळकरी मुले, कचेरीत काम असलेले शेतकरी आणि दवाखान्यात जाणारे आजारी यांना घेऊन परत फिरते. खेड्याच्या दृष्टीने यासारखी उपकारक गाडी दुसरी नाही. परंतु आगाराच्या दृष्टीने पाहता, रात्र हीच देखभालीची वेळ असते आणि मुक्कामी गाडी नेमकी त्याच वेळी आगारात नसते. थंडीच्या पहाटे ती सुरू झाली नाही तर जवळ कारागीर नसतो. गावातील माणसे मागून ढकलतात आणि चालक गिअर टाकतो. म्हणजे जी गाडी सर्वांत अधिक लोकोपयोगी, तिचीच निगा राखणे सर्वांत कठीण. आलटून-पालटून गाडी बदलणे आणि दिवसा तिच्यासाठी तपासणीची वेळ काढणे, हे उपाय आहेत. पण त्यांना पुन्हा राखीव गाडी लागते.

हाच प्रश्न रात्रीच्या सेवेने दुसऱ्या रीतीने पुढे आणला. १९६८ साली अंशतः आणि त्यानंतर सुमारे दशकभराने संपूर्ण रात्रभराची सेवा सुरू झाली. 'रातराणी' हे तिचे नाव लोकांना आवडले. गाडी रात्रीही धावू लागल्याने तिचे दैनिक किलोमीटर वाढले आणि उत्पन्नही वाढले. परंतु तिचे विश्रांतीचे तास घटले. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने निमआराम गाड्या आल्या आणि 'एशियाड' हे विशेषनाम मराठीत गाडीचे सामान्यनाम झाले. लांब पल्ल्याची, अधिक भाड्याची गाडी ही आगाराची मानाची गाडी ठरली. नवी चासी तिला. तेथे काही वर्षे धावून थकलेली गाडी तालुक्याच्या फेरीला. गाडीचे वय आणि गावाचे अंतर यांचा असा एक अलिखित संबंध जुळत गेला.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. देखभाल लांबणीवर टाकली तर तूट कोणाच्या वाट्याला येते?

तेलबदल पंधरा दिवस उशिरा केला, तर गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. टायर ठरलेल्या झिजेपेक्षा थोडा अधिक वापरला, तर बहुतेक वेळा काही घडत नाही. प्रत्येक चालढकल स्वतंत्रपणे निरुपद्रवी असते. तिचा संचय मात्र उपद्रवी असतो. प्रथम राखीव गाड्या कमी होतात, कारण त्या रोजच्या गरजेला लागतात. राखीव गाडी नाहीशी झाली की, नियतकालिक देखभालीसाठी गाडी थांबविता येत नाही. त्यामुळे बिघाड वाढतात, बिघाडांमुळे कारागीर दुरुस्तीत गुंततात आणि निगा राखावयास हात उरत नाहीत. निगेची जागा दुरुस्तीने घेतली की, संस्था सदैव कालच्या बिघाडामागे धावू लागते.

अशा आगारात पहाटे वीस फेऱ्यांसाठी अठराच गाड्या तयार आहेत, असे समजा. दोन फेऱ्या रद्द करावयाच्या आहेत. लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षण केलेले प्रवासी आहेत. त्यांचे पैसे परत करावे लागतील, तक्रार होईल, उत्पन्न बुडेल. खेड्याच्या फेरीत पासधारक विद्यार्थी आहेत. त्यांचा पास महिन्याचा असतो. ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली तो विनामूल्य मिळतो आणि त्याची भरपाई शासनाने महामंडळाला द्यावयाची असते. ती फेरी रद्द केली तर त्या दिवशीच्या रोख उत्पन्नात काहीच फरक पडत नाही. कलम २२ च्या बाजूने विचार करणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याचा निर्णय कोणता असेल, हे सांगावयास नको. यात त्याचा दुष्टावा नाही. हिशेबाची रचनाच त्याला तेथे नेते. पण ज्या मुलीची शाळा सहा-सात किलोमीटरांवर आहे, तिच्या दृष्टीने कायद्यातील 'पुरेशी सेवा' त्या सकाळी संपुष्टात येते. असे आठवड्यातून दोनदा घडू लागले म्हणजे घरातील मोठी माणसे तिची शाळा थांबविण्याचा विचार करू लागतात. तेलबदलाला झालेल्या उशिराची किंमत अखेरीस येथे मोजली जाते.

या घटनांचे वर्णन आपली भाषा कसे करते, हेही पाहण्यासारखे आहे. 'गाडी बंद पडली', 'फेरी रद्द झाली', 'टायर बसला', या सर्व वाक्यांत क्रियापद अकर्मक आहे. गाडी स्वतःच पडते, फेरी स्वतःच रद्द होते. करणारा किंवा न करणारा कोणी वाक्यात येतच नाही. याउलट 'निगा राखली', 'तेल बदलले', 'ब्रेक तपासले' ही क्रियापदे सकर्मक असून त्यांना कर्ता अपेक्षित असतो. चांगली गोष्ट कोणीतरी केलेली असते आणि वाईट गोष्ट आपोआप झालेली असते, असे हे व्याकरण आहे. चौकशीच्या खिडकीवरील उत्तराला त्याचा आडोसा मिळतो.

पारिभाषिक शब्दांची वाटणीही अशीच बोलकी आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर शासनव्यवहाराचे मराठीकरण वेगाने झाले आणि एसटीतही स्थानक, आगार, चालक, वाहक, वाहतूक नियंत्रक, आरक्षण, सवलत, विनंती थांबा असे शब्द रुळले. त्यांतील कित्येक लोकांच्या बोलण्यातही उतरले. परंतु आगारातील खंदकात उतरावे तर तेथे क्लच, गिअर, ग्रीस, जॅक, पंप, पासिंग आणि ब्रेकडाउन हेच शब्द आजही ऐकू येतात. इंग्रजी शब्द राहिले यात काही वाईट नाही. कारागिरांनी ते केव्हाच आपले केले आहेत. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, संस्थेने ज्या भागाकडे शब्द पाठविले, तो भाग प्रवाशाला व शासनाला दिसणारा होता. फलकावर अक्षरे नवी होत गेली, तेव्हा खंदकाकडे लक्ष देण्यास फारसे कोणी उरले नव्हते.

१९८० नंतर आणि विशेषतः १९९० च्या दशकात खेड्यापाड्यांतून जीपगाड्या धावू लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना 'वडाप' म्हणतात. भरेल तेव्हा सुटणार आणि मोडेल तेव्हा दुरुस्त होणार, हा १९२० चा व्यवहार अशा रीतीने परतला. एसटीचे उत्पन्न वडापाने नेले असे म्हणतात ते खरेच आहे; परंतु रद्द झालेल्या फेरीने त्याला वाट करून दिली, हेही तितकेच खरे.

७

अलीकडच्या काही वर्षांत या इतिहासाने नवे वळण घेतले आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या दीर्घकाळ उभ्या राहिल्या. त्याही काळात एसटीने स्थलांतरित मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत पोहोचविले आणि काही गाड्या मालवाहतुकीला लावल्या. त्यानंतर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत शासनात विलीनीकरणाच्या मागणीवरून कर्मचाऱ्यांचा संप चालला. उभी गाडी झिजत नाही, हा समज चुकीचा आहे. तिच्या बॅटऱ्या उतरतात, रबरी भाग कोरडे पडतात, टायर एकाच जागी भार घेऊन खराब होतात. वापर थांबला तरी निगा थांबवून चालत नाही, हा धडा या दोन प्रसंगांनी दिला. सुमारे अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा या दशकात चौदा-पंधरा हजारांवर आला. नव्या गाड्यांची खरेदी रेंगाळल्याने जुन्यांचे वय वाढले. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास मिळाला. प्रवासी पुन्हा मोठ्या संख्येने एसटीकडे वळले. मागणी वाढली, ती गाड्या कमी असताना. २०२५ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक दाखविला आहे.

दुसरा बदल मालकीचा आहे. २०१७ पासून 'शिवशाही' गाड्यांत आणि पुढे विजेवरील गाड्यांत भाडेतत्त्वाची पद्धत मोठ्या प्रमाणावर आली. गाडी व तिची देखभाल कंत्राटदाराची, वाहतूक महामंडळाची आणि मोबदला किलोमीटरमागे, अशी ही योजना. तिच्या बाजूने असे म्हणता येते की, भांडवल उभारण्याचा भार हलका होतो आणि बिघाडाचा दंड कंत्राटात लिहिता येतो. परंतु देखभाल कंत्राटातील कलम झाली म्हणजे संस्थेची नजर गाडीवरून देयकावर जाते. शिवाय लाकूड, पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या अनुभवातून जे ज्ञान दापोडीसारख्या कार्यशाळेत साठले, तसे ज्ञान विजेच्या गाडीविषयी संस्थेपाशी साठण्याचा मार्ग अरुंद होतो. पुढे कंत्राट बदलावयाचे झाले, तर वाटाघाटीस बसणाऱ्या संस्थेला आपली गाडी आतून माहीत असणे अगत्याचे आहे.

मालकीचे कायदेशीर रूप बदलल्याने प्रश्न सुटतो, असेही दिसत नाही. गोव्यात १९८० साली स्थापन झालेली 'कदंब' ही वाहतूक संस्था महामंडळ म्हणवीत असली, तरी कंपनी कायद्याखालील सरकारी कंपनी आहे. तिला १९५० च्या अधिनियमातील कलमांचे बंधन नाही. तरीही आडगावची फेरी चालवावयाची की नाही, राखीव गाडी ठेवावयाची की नाही आणि खाऱ्या हवेत सांगाडा कसा टिकवावयाचा, हे प्रश्न तिलाही चुकलेले नाहीत. कारण ते कायद्याच्या रूपातून नव्हे, तर सेवा आणि हिशेब यांच्या एकत्र येण्यातून उद्भवतात.

८

१ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवरील गाडी पुणे–अहमदनगर याच मार्गावर प्रथम धावली. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचा दिवस आणि रस्ता यांची आठवण ठेवून ही योजना केलेली होती. ती उचितच होय. मात्र या दोन गाड्यांमधील काळ ज्यांनी चालविला, त्या रात्रपाळीच्या कारागिरांच्या कामाला अशा स्मरणांत स्थान मिळत नाही.

त्यांच्या कामाचे साधन-साहित्य अद्याप उपलब्ध होण्यासारखे आहे. चालकाने दोष लिहून दिलेली लॉगशीटे, आगारातील बिघाडांच्या नोंदवह्या, विभागाकडून आलेल्या-गेलेल्या इंजिनांची पुस्तके, रद्द फेऱ्यांचे दैनिक तक्ते, हे सारे प्रशासनाच्या दृष्टीने काही वर्षांनी रद्दी ठरणारे कागद आहेत. इतिहासकाराला त्यांतून एखाद्या तालुक्यात कोणत्या वर्षी कोणत्या गावाची गाडी कितीदा आली नाही, हे गावनिहाय सांगता येईल. आणि ते त्या गावच्या शाळेच्या पटाशी ताडून पाहता येईल. भाषेच्या अभ्यासकाला कारागिरांनी लिहिलेल्या त्या त्रोटक नोंदींत एका संपूर्ण व्यवसायबोलीचा पुरावा मिळेल. विद्यापीठीय संशोधनाने एका आगारापासून जरी आरंभ केला, तरी वार्षिक अहवालांत न दिसणारी तूट मोजता येऊ लागेल. देखभालीवरील खर्च आणि सुटलेल्या फेऱ्या ही दोन्ही एकाच पानावर मांडली गेली, तर कलम १८ आणि कलम २२ यांपैकी कोणत्या कलमाने त्या सकाळी निर्णय घेतला, हे वाचणाऱ्यास समजेल.